निवू दे

दुपारी पावणेदोनला मी शिलाई मशीन बंद करते.
चाक आपल्या मनानं दोन फेऱ्या जास्त घेतं,
मग थांबतं.
गिऱ्हाईक म्हणतं, वहिनी, ब्लाऊज आजच पायजे.
मी म्हणते, साडेतीनला या.
आत माणूस झोपलाय.

माणूस म्हणजे आदगोंडा मगदूम,
शिरोलीच्या फौंड्रीत एकोणतीस वर्षं मोल्डर,
त्यातली निम्मी रात्रपाळीला.
दिवसा झोपणाऱ्याला तो आळशी म्हणायचा
आणि रात्री झोपणाऱ्याला नशीबवान.
स्वतः दोन्ही नव्हता.
पाळी सुटली की कुणाची तरी मोटार दुरुस्त कर,
कुणाच्या तरी मांडवाला खांब धर,
चार तास अंग टाकायचं, वर डबल चहा.

मार्चमध्ये पहाटे पाळीवरून येताना
तावडे हॉटेलच्या चौकात गाडी घसरली.
हेल्मेट हँडलला लटकवलेलं,
त्याला ओरखडासुद्धा नाही.

सीपीआरमध्ये अकरा दिवस.
घरी आला तेव्हा शब्द सांडलेले.
किल्लीला म्हणाला गाळणी.
गाळणीला काही म्हणालाच नाही, नुसता बघत राहिला.
आणि मला म्हणाला, "अहो बाई."
बत्तीस वर्षांत इतक्या आदरानं कधी बोलला नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण, गडहिंग्लजकडची.
गोळ्यांच्या खाली तिनं लिहिलं, झोप.
रात्री आठ तास, दुपारी अर्धा.
त्याखाली दोन रेघा.
मी म्हटलं, वर एखादं टॉनिक?
म्हणाली, मावशी, दिवसाचा केर मेंदू झोपेत काढतो,
घरभर माणसं बसलेली असली
तर तुम्ही तरी झाडू कुठं फिरवाल?

पण झोपेल तर ना.
भिंतीकडं तोंड करून सोंग घ्यायचा.
कडी वाजली की ताडकन उठून शर्टात हात घालायचा,
जसा काय सुपरवायझरच आलाय.
मी बेलची वायर काढून ठेवली.
गॅस शेगडीवाल्याच्या भोंग्याला
यादवनगरच्या कोपऱ्यावरच हात केला.
शेजारच्या लेथवरचा इब्राहिम मुल्लाणी
जेवणाची सुट्टी एकला घ्यायचा,
ती पावणेदोनला घ्यायला लागला.
त्याला सांगितलं नव्हतं कुणी.

मग एका दुपारी उठला आणि छताकडं बघत म्हणाला, "शेगडी."
चार दिवसांनी, "कानस."
उसनी नेलेली भांडी
शेजारीण सवडीनं परत करते,
तसे एकेक.
रोज नाही.
काही दुपारी नुसता घाम घेऊन उठायचा,
तांब्या भिरकावायचा,
मग तोच तांब्या शोधत पलंगाखाली वाकायचा.

धाकट्यानं एकदा विचारलंच,
पपा, किती झोपताय, कामावर कधी?
आदगोंडानं त्याला जवळ बसवलं.
दोन्ही हातांनी हवेत चौकोन केला.
"पेटी. ओतली.
वरची वाळू... गार लागती.
फसवती.
आत लाल असतंय.
घाईनं उघडली तर...
तडा."
मग हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला,
टाक्यांच्या बाजूला.
"निवू दे म्हटलं की निवू दे, लेका."
मार्चपासूनचं सगळ्यात लांब बोलणं.
बोलून दमला, परत आडवा झाला.
पोरगं दारात चप्पल न घालता उभं.

काल साडेतीनला उठला,
डोळे स्वच्छ, आवाज जुना.
"बाबगोंडानं आपले अठराशे दिले काय?"
मी म्हटलं, नाही.
"देणार न्हाईच त्यो," म्हणाला
आणि इतका हसला की उचकी लागली.
मी पाणी दिलं.
"थँक्यू, अहो बाई."

माझं नाव अजून कुठल्या शेजारणीकडं आहे
ठाऊक नाही.

आज गिऱ्हाइकाला मी चार वाजता बोलावलंय.
पलंगाशेजारी चटई टाकली,
चष्मा टेपेवर ठेवला.
सीपीआरच्या बाकड्यापासून
मीही नीट झोपलेली नाही,
हे आत्ता, पाठ टेकल्यावर लक्षात येतंय.
पलीकडं लेथ बंद.
त्याचा श्वास
एक टाका, एक टाका,
एक